चुकलेली कंपनी पुन्हा दाराशी येते तेव्हा

वाचकाचे पत्र : "आम्ही इंदूरच्या रामबागेत राहतो. माझे वय ६३. थायरॉइडसाठी अनेक वर्षे मी एकाच कंपनीची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते. गेल्या वर्षी थकवा, बद्धकोष्ठता, चेहऱ्यावर सूज असा त्रास सुरू झाला. टीएसएच (थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की रक्तात वाढणारा आणि जास्त झाले की उतरणारा घटक) वाढलेला निघाला, म्हणून डॉक्टरांनी गोळी १०० ची केली. नवी बाटली सुरू केल्यावर काही आठवड्यांतच छातीत धडधड, हातांना कंप आणि रात्रभर जागरण. टीएसएच एकदम खाली गेलेला. पुढे सुनेने वर्तमानपत्रात वाचले, की या कंपनीची एक बॅच सरकारी तपासणीत कमी मात्रेची ठरली आहे. नंबर माझ्या जुन्या बाटलीचाच होता. म्हणजे आजार वाढलाच नव्हता. कंपनीने ना आम्हाला कळवले, ना डॉक्टरांना. आता मी पुन्हा ७५ वर आहे. तीच कंपनी नव्या रूपातली बाटली घेऊन आली आहे. तिची प्रतिनिधी फोन करते, आपुलकीने विचारपूस करते, मोफत तपासणी शिबिराला बोलावते. शिबिराच्या फॉर्मवर 'पूर्वीच्या उत्पादनाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही' अशी एक ओळ आहे. यजमान म्हणतात, झाले गेले सोडून दे. पीथमपूरला औषध कारखान्यात असलेले जावई म्हणतात, सगळ्या कंपन्या सारख्याच. मी गोळी बदलावी का, शिबिराला जावे का, आणि माझा राग अवाजवी आहे का?"

सप्रेम नमस्कार ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तुमचा राग अवाजवी नाही. गोळी कमी मात्रेची निघाली यापेक्षाही तुम्हाला जे लागले आहे, ते पत्रात तुम्ही एका वाक्यात लिहिले आहे : आजार वाढलाच नव्हता. त्या महिन्यांत तुमचे शरीर खरे सांगत होते आणि ते सगळे आजाराच्या खात्यावर मांडले गेले. डॉक्टरांनीही हाती असलेल्या आकड्यावरून योग्य तेच केले. पण तो आकडा ज्या बाटलीमुळे बिघडला होता तिच्याबद्दल त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तपासणीचा निकाल कंपनीला कळल्यानंतर तिने डॉक्टरांना चार ओळी लिहिल्या असत्या, तर वाढवलेली गोळी वेळीच मागे घेता आली असती आणि तुमची धडधड टळली असती.

आधी प्रकृतीचे बघू, कारण कंपनीचा निकाल लागायला वेळ लागेल आणि गोळी तुम्हाला उद्या सकाळीही घ्यायची आहे. तुमच्या गोळीतले लेव्होथायरॉक्सिन हे असे औषध आहे, की त्याच्या मात्रेतला थोडा फरकही शरीराला कळतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये या एका औषधासाठी मर्यादा मुद्दाम कडक केल्या आणि गोळीतील औषध मुदत संपेपर्यंत लेबलावरच्या मात्रेच्या ९५ ते १०५ टक्क्यांच्या आतच राहिले पाहिजे असे ठरवले, कारण अनेक गोळ्यांची ताकद मुदतीच्या आतच उतरत होती. म्हणून रागाच्या भरात स्वतःहून बाटली बदलू नका, आणि भीतीपोटी गोळी अर्धी करून घेणे किंवा एक दिवस सोडून एक दिवस घेणेही नको. कंपनी बदलावीशी वाटली तर अवश्य बदला, तुमचा तो अधिकार आहे. पण डॉक्टरांना सांगून बदला, बदललेल्या दिवसाची तारीख लिहून ठेवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या. त्याआधी केलेली तपासणी नव्या गोळीबद्दल नीट सांगू शकत नाही. तुमच्या वयात मात्रा जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडेही ठिसूळ होतात. तेव्हा पुन्हा धडधड झाली तर 'ती जुनीच गोष्ट' म्हणून घरी बसून राहू नका, डॉक्टरांकडे जा.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर गोळी बदलायची की नाही हे या कंपनीला काही प्रश्न लेखी विचारून, त्यांची उत्तरे येतात की नाही ते पाहून ठरवावे. ते प्रश्न पुढे देते. पण त्याआधी फ्रान्समधली एक हकीकत सांगायला हवी, कारण ती तुमच्याच औषधाची आहे.

मार्च २०१७ मध्ये मर्क कंपनीने तिथे आपल्या लेव्होथायरॉक्सिन गोळीची घडण बदलली. औषध तेच राहिले. गोळी बांधण्यासाठी वापरलेले लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घातले. हेतू चांगला होता : गोळीची मात्रा अधिक काळ स्थिर राहावी, अशी मागणी तिथल्या औषध प्रशासनानेच केली होती. पण गोळीचे नाव तेच राहिले, आणि लाखो रुग्णांना आपण काही नवे घेत आहोत हे स्पष्टपणे कळलेच नाही. थोड्याच महिन्यांत हजारो लोकांनी थकवा, डोकेदुखी, चक्कर, केस गळणे अशा तक्रारी नोंदवल्या. पुष्कळांना सुरुवातीला 'हे मनाचे खेळ आहेत' असे सांगण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि जून २०२० मध्ये लियॉंच्या अपील न्यायालयाने तीन हजारांहून अधिक फिर्यादींना प्रत्येकी १००० युरो भरपाई द्यायला सांगितले. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. या निकालाचा आधार गोळीतला दोष हा नव्हताच. बदल झाला आहे हे रुग्णांना नीट सांगितले नाही, आणि त्यामुळे त्यांना आपल्या शरीरात काय चालले आहे याचा अर्थ लावता आला नाही, एवढ्यासाठी ती भरपाई होती.

ताई, तुमची तक्रार याहून एक पायरी पुढची आहे, कारण तुमच्या बाटलीत दोषही होता आणि वर मौनही होते. फ्रान्सचे उदाहरण एवढ्यासाठी दिले, की रुग्णाला न सांगणे ही स्वतंत्र इजा आहे असे न्यायालयानेही मानलेले आहे. तेव्हा 'आता तर तुम्ही बऱ्या आहात' असे कंपनीची प्रतिनिधी म्हणाली, तर त्याने मूळ प्रश्न मिटत नाही.

आता कंपनीच्या आपुलकीबद्दल. फोन करणारी मुलगी मनापासून बोलत असेल, तिच्याशी कडू बोलण्याचे कारण नाही. पण तिची आपुलकी आणि कंपनीचे वर्तन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एखाद्या कंपनीने पूर्वी कधी फार चांगले वागून दाखवले असेल, तरी तेवढ्यावर पुढचा भरवसा ठेवता येत नाही. १९८२ मध्ये शिकागो भागात टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी दुकानात सायनाइड मिसळले आणि सात माणसे दगावली. जॉन्सन अँड जॉन्सनने तेव्हा देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या उघडपणे परत घेतल्या, लोकांना औषध घेऊ नका असे स्वतः सांगितले आणि छेडछाड झाली तर दिसेल अशी नवी बांधणी आणली. व्यवस्थापनाच्या शाळांमध्ये आजही ते उदाहरण शिकवतात. त्याच समूहाच्या मॅकनील कंपनीला पुढे मोट्रिन या वेदनाशामक गोळ्यांच्या काही पाकिटांत दोष आढळला. गोळ्या पोटात नीट विरघळत नसाव्यात अशी शंका होती. २००९ मध्ये कंपनीच्या कंत्राटदाराने आपली माणसे साध्या गिऱ्हाइकासारखी दुकानांत पाठवली आणि माल गुपचूप विकत घेतला; परत मागवण्याचा शब्दही काढायचा नाही, अशी त्यांना सूचना होती. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे हे सगळे बाहेर आले.

दोन्ही वेळा माल बाजारातून निघालाच. फरक एवढाच, की १९८२ मध्ये ज्याच्या घरी बाटली होती त्याला कळले आणि २००९ मध्ये कळले नाही. मला कंपनी आणि रुग्ण यांच्या नात्याची खरी कसोटी इथे दिसते : जी माहिती सांगितल्याने कंपनीचे नुकसान होते, ती माहिती ती आपण होऊन, वेळेत आणि लेखी देते का? गोड फोन, नवी बाटली, मोफत शिबिर यांत कंपनीला काहीच गमवावे लागत नाही. आणि सांगायला उशीर झाला की क्षमाही थिटी पडते. गर्भवतींनाही दिले जाणारे थॅलिडोमाइड हे औषध १९६१ मध्ये बाजारातून परत घेतले गेले. ग्रुनेन्थाल कंपनीने त्या औषधामुळे अपंग जन्मलेल्या मुलांची आणि त्यांच्या आयांची क्षमा मागितली ती २०१२ मध्ये, तोवर ती मुले पन्नाशीला आली होती. त्यांच्यातल्या अनेकांनी ती क्षमा अपुरी म्हणून नाकारली, आणि मला ते पूर्णपणे समजते.

शिबिराच्या फॉर्मवर त्या ओळीसकट सही करू नका. हे मी अगदी ठामपणे सांगते. रक्ततपासणी मोफत मिळते म्हणून तक्रार सोडून देण्याची अट घालणे हीच गोष्ट मला या कंपनीबद्दल सर्वांत वाईट वाटली; जुन्या चुकीपेक्षाही वाईट, कारण चूक यंत्रात होऊ शकते, पण ही ओळ कोणीतरी विचार करून लिहिली आहे. शिबिराला जायचेच असेल तर ती ओळ पेनाने खोडा, शेजारी सही करा आणि फॉर्मचा फोटो काढून ठेवा. त्यांनी तसा फॉर्म घेतला नाही, तर तुम्हाला उत्तर मिळाले असे समजा आणि घरी या. टीएसएच आपल्या नेहमीच्या प्रयोगशाळेत करा. खरे तर मी तिथेच करण्याचा सल्ला देईन. ज्या कंपनीच्या गोळीचा परिणाम तपासायचा आहे, तिनेच भरवलेल्या शिबिरातल्या निकालावर मात्रा ठरवायला नको, आणि एकाच प्रयोगशाळेचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणेही सोपे जाते.

आता प्रश्न. बाटलीवर कंपनीचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने एक साधे पत्र पाठवा. बॅच नंबर लिहा, खरेदीची तारीख लिहा, दोन्ही टीएसएचच्या अहवालांच्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती जोडा. मग विचारा, की या बॅचमध्ये मात्रा कमी का झाली : कच्च्या मालात दोष होता, मिसळण्यात होता, की साठवण्यात आणि वाहतुकीत? त्याच सुमाराला तयार झालेल्या शेजारच्या बॅचेस तपासल्या का, आणि काय निघाले? आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न : या बॅचच्या किती बाटल्या विकल्या गेल्या आणि किती परत आल्या? नमुना उचलण्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत बराच काळ जातो आणि तोवर बरेचसे औषध लोकांच्या पोटात गेलेले असते. 'आम्ही बॅच परत घेतली' या वाक्याला या दोन आकड्यांशिवाय अर्थ नाही. शेवटी, डॉक्टरांना कोणत्या तारखेला कळवले, हे विचारा.

यावर कदाचित 'तुम्ही बाटली उष्णतेत ठेवली असेल' असे उत्तर येईल. हे औषध उष्णता आणि दमट हवा सहन करत नाही, हे खरेच आहे. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा ओट्यावरच्या फळीत किंवा खिडकीशी बाटली ठेवणे बरे नव्हे, आणि आठवड्याच्या गोळ्या वेगळ्या डबीत काढून बाटली फेकून देण्याची सवय कोणाला असेल तर तीही सोडावी. परंतु सरकारी नमुना औषध निरीक्षक कारखान्यातून, वितरकाकडून किंवा दुकानातून उचलतात, तुमच्या कपाटातून नव्हे. तो नमुना कमी मात्रेचा ठरला आहे, तर त्याचे कारण तुमच्या घरात शोधता येणार नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा, उपयोगी पडेल.

तुम्ही जुन्या बाटलीच्या लेबलाचा फोटो पाठवला, हे फार चांगले केले. मुदतीची तारीख पुसली आहे, पण बॅच नंबर स्वच्छ वाचता येतो. बाटली टाकू नका. दुकानदाराकडून त्या खरेदीचे पक्के बिल पुन्हा मिळते का पाहा. संगणकावरच्या बिलात बॅच नंबर छापलेला असतो, आणि तो तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम कागद ठरेल. यापुढे घरातल्या कोणत्याही औषधाचे बिल घेतल्याशिवाय दुकान सोडू नका, मग ते दवा बाजारातले मोठे दुकान असो की गल्लीतले मेडिकल.

कंपनीला लिहिण्यासोबतच तुमचा त्रास सरकारकडेही नोंदवा. भारतीय औषधसंहिता आयोगाकडे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, आणि रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही उपलब्ध आहे. औषधाचा परिणाम न होणे हीसुद्धा नोंदवण्याजोगी गोष्ट आहे, केवळ पुरळ किंवा उलटी नव्हे. हे लोकांना ठाऊक नसते. नव्या बाटलीबद्दल कधी शंका आली, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम २६ प्रमाणे ठरावीक शुल्क भरून कोणीही खरेदीदार औषधाचा नमुना सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. त्यासाठी न उघडलेली बाटली असणे बरे. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनातील दोष आणि पुरेशी सूचना न देणे या दोन्हींसाठी उत्पादकाला जबाबदार धरता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट पाहत अनिश्चित काळ थांबू नका. खटला लढवायचा की नाही हे तुमच्या प्रकृतीवर आणि उमेदीवर सोडते. नाही लढवला तरी त्यात कमीपणा नाही. सरकारी नोंद मात्र कराच, कारण तुमच्याच बॅचच्या बाटल्या आणखी कितीतरी घरांत गेल्या असतील, आणि तिथेही कोणाची तरी मात्रा विनाकारण वाढवली गेली असेल.

आपल्या मध्य प्रदेशात हे सांगताना छिंदवाड्याची आठवण टाळता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे वीसहून अधिक लहान मुले खोकल्याच्या एका औषधाने दगावली. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघाले, जिथे मर्यादा ०.१ टक्के आहे. मुलांची मूत्रपिंडे निकामी होत असताना सुरुवातीला शोध संसर्गाचा आणि पाण्याचा चालला होता. औषधाकडे बोट नंतर वळले. तुमचे प्रकरण त्या मानाने लहान आहे, परंतु चूक त्याच जागी झाली आहे : त्रास झाला की आधी रुग्णाकडे पाहायचे आणि बाटलीकडे सर्वांत शेवटी. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना अहवालासोबत चालू बाटलीही न्या आणि ती टेबलावर ठेवा. तुमच्या डॉक्टरांवर रागावू नका. त्यांना त्या बॅचची बातमी दाखवा आणि तुमच्या कागदांवर 'मात्रा वाढवली ती सदोष बॅचमुळे' अशी नोंद करून देण्याची विनंती करा. उद्या दुसऱ्या कोणा डॉक्टरांनी तुमचा इतिहास वाचला, तर त्यांना तो आजार वाढल्याचा इतिहास वाटू नये.

जावयांचे म्हणणे मला पटत नाही, जरी ते त्याच धंद्यात आहेत. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दरमहा प्रमाणित दर्जाची नसलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते, आणि तिच्यात लहान कंपन्यांसोबत मोठी नावेही येतात, हे खरे. यादीत नाव नसले म्हणजे माल शुद्ध असेही नाही, कारण तपासले जातात ते फक्त नमुने. पण दोष सापडल्यावर कोणी काय केले यात कंपन्याकंपन्यांत मोठा फरक असतो, आणि तो जावयांना आपल्याहून चांगला दिसत असणार. त्यांना एवढेच विचारा, की त्यांच्या कारखान्यात एखादी बॅच फसली तर कोणाला, किती दिवसांत कळवतात. मला वाटते, तुमचे पत्र लिहायला त्यांच्याइतकी मदत दुसरे कोणी करू शकणार नाही.

यजमानांना मात्र सांगा, की झाले गेले सोडून द्यायला तुम्ही तयार आहात, पण झाले काय ते आधी कंपनीने सांगितले पाहिजे. पत्राला एक महिन्याची मुदत द्या. कारण, तारखा आणि आकडे यांसह नीट उत्तर आले, आणि त्यात चूक स्वच्छ शब्दांत मान्य केलेली असली, तर याच कंपनीची गोळी चालू ठेवायला माझी हरकत नाही. जी कंपनी एकदा असे उत्तर देते ती पुढच्या वेळीही देण्याचा संभव असतो. नुसतेच आभाराचे छापील पत्र आणि शिबिराचे नवे निमंत्रण आले, तर डॉक्टरांशी बोलून दुसऱ्या कंपनीची गोळी सुरू करा, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, आणि कंपनीच्या पत्राची प्रत तक्रारीसोबत जिल्ह्याच्या औषध निरीक्षकांकडे पाठवून द्या. उत्तर काहीही आले तरी मला कळवा.